एलईडी पट्टी, ड्रायव्हर आणि व्होल्टेज ड्रॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि दिवाळीच्या तोंडावर मला एकाच तक्रारीचे फोन येतात. "पट्टी एका टोकाला झगझगीत आहे, दुसऱ्या टोकाला मलूल. रोल खराब निघाला का?" तोवर बऱ्याच जणांनी रोल बदलून आणलेला असतो, काहींनी दुप्पट वॅटचा ड्रायव्हरही (२३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करणारा डबा) घेतलेला असतो. मल्टिमीटर मात्र कुणी लावलेला नसतो. खालचे प्रश्न त्याच फोनांमधले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. ड्रायव्हरच्या पुढची १२ किंवा २४ व्होल्टची बाजू हौशी माणसाने जरूर करावी. मागची २३० व्होल्टची बाजू लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

पट्टीचं शेवटचं टोक मंद का दिसतं?

तिथे पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही म्हणून. वायर असो की पट्टीच्या आतला तांब्याचा पातळ पत्रा, प्रत्येकाला थोडा रोध असतोच. करंट त्यातून जाताना थोडं व्होल्टेज वाटेतच खर्च होतं, तोच व्होल्टेज ड्रॉप. टाकीजवळच्या नळाला जोर आणि शेवटच्या नळाला धार बारीक, तसाच प्रकार.

पण "एखादा व्होल्ट कमी पडला तर एवढं काय बिघडतं," असं विचाराल तर पट्टी उघडून बघायला हवी. १२ व्होल्टच्या साध्या पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी एकामागे एक असतात आणि त्यांच्या जोडीला एक बारीक काळा रेझिस्टर. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तिघांना ९. उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात आणि किती करंट वाहायचा ते त्या ३ वर ठरतं. आता शेवटच्या टोकाला १२ ऐवजी ११ व्होल्ट पोहोचले असं समजा. एलईडी आपले ९ जवळपास तसेच घेणार, त्यामुळे रेझिस्टरच्या वाट्याला २ च उरतात. म्हणजे करंट ढोबळमानाने एक तृतीयांशने घटला आणि उजेडही जवळपास तितकाच. व्होल्टेज उतरलं आठ टक्के, उजेड गेला तिसरा हिस्सा. डोळ्याला दिसतो तो हा हिशेब.

मोठा ड्रायव्हर लावला तर उजेड वाढेल का?

नाही. १०० वॅटचा ड्रायव्हर १२ व्होल्ट देतो आणि २०० वॅटचाही १२ च देतो. वॅट म्हणजे तो किती ओझं उचलू शकतो याचा आकडा. तो पट्टीत जास्त काही ढकलत नाही. ड्रायव्हर खरोखर लहान पडत असेल तर लक्षण वेगळं दिसतं. पट्टी पेटते, विझते, पुन्हा पेटते, किंवा ड्रायव्हर हात लावू देणार नाही इतका तापतो, किंवा सगळी पट्टी एकसारखी मंद असते. एकच टोक मंद असेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका.

मग किती वॅटचा ड्रायव्हर घ्यायचा?

पट्टीच्या पाकिटावर मीटरला किती वॅट ते लिहिलेलं असतं. बाजारात ४.८, ९.६ आणि १४.४ हे आकडे नेहमी दिसतात. त्याला मीटरने गुणा आणि ड्रायव्हर ऐंशी टक्क्यांवरच चालेल असा हिशेब धरा. १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट. भागिले ०.८, आले ९०. मग १०० वॅटचा घ्या. फॉल्स सीलिंगमध्ये हवा खेळत नाही, तिथे काठोकाठ चालवलेला ड्रायव्हर लवकर मरतो.

घेताना त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) नोंदणी चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर आहे का ते बघा. वजनही हातात घेऊन बघा. ही काही शास्त्रीय कसोटी नाही, पण "२०० वॅट" छापलेला डबा पाकिटातल्या मोबाइलपेक्षा हलका लागला तर मी तो परत ठेवतो.

डाउनलाइटचा जुना ड्रायव्हर घरात पडलाय, तो चालेल?

नाही. डाउनलाइट आणि पॅनेलचे ड्रायव्हर कॉन्स्टंट करंट जातीचे, म्हणजे ठरावीक करंट देणारे असतात. त्यांच्यावर ३०० मिलीअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट अशा धर्तीचा मजकूर असतो. पट्टीला कॉन्स्टंट व्होल्टेज लागतं, म्हणजे लेबलवर आउटपुटला एकच ठाम आकडा हवा : १२ किंवा २४ व्होल्ट डीसी.

ड्रायव्हरवर पाच-सात स्क्रू आहेत. कुठली वायर कुठे?

ड्रायव्हर जाळीच्या डब्याचा, म्हणजे ज्याला एसएमपीएस म्हणतात तसा असेल तर एका कडेला एल (फेज), एन (न्यूट्रल) आणि अर्थिंगचं चिन्ह असतं. ती २३० ची बाजू. पुढे मायनस व्ही आणि प्लस व्ही, बऱ्याचदा दोन-दोन. दोन्ही प्लस आतून एकच असतात, दोन्ही मायनसही एकच. ते जास्तीचे स्क्रू शोभेला दिलेले नाहीत. पट्टीच्या दोन तुकड्यांना दोन स्वतंत्र वायरी काढायला ते आहेत, आणि ड्रॉपवरचा निम्मा इलाज तिथेच आहे.

अर्थिंग जोडाच. धातूचा डबा आहे. आत काही सुटलं तर तो डबाच जिवंत होतो.

काही एसएमपीएसच्या कुशीत जाळीतून एक छोटा लाल खटका दिसतो, ११५ आणि २३० लिहिलेला. लाइट देण्याआधी तो २३० वर आहे ना ते बघा. ११५ वर ठेवून आपली लाइट दिली तर मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि दुकानदार परत घेत नाही.

प्लस-मायनस उलटं लागलं तर पट्टी जळते का?

साधी एकरंगी पट्टी जळत नाही, फक्त पेटत नाही. वायरी उलटा, झालं. डिजिटल पट्टीत, म्हणजे जिच्यावर रंग पळतात तिच्यात, एलईडींच्या जोडीला चिपही असते. तिला उलटी सप्लाय सोसत नाही. तिथे मल्टिमीटरने खात्री करूनच जोडा.

व्होल्टेज ड्रॉप नेमका मोजायचा कसा?

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. हाताने रेंज बदलायचा मीटर असेल तर १२ व्होल्टच्या पट्टीला २० ची रेंज, २४ च्या पट्टीला २०० ची. आता पट्टी पूर्ण उजेडावर चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) असेल तर फुल. ही अट विसरू नका, कारण पट्टी न जोडता नुसत्या वायरीच्या टोकाला मोजलंत तर शेवटपर्यंत १२ च दिसेल. करंटच वाहत नाही तर ड्रॉप कुठून येणार? "मी मोजलं, सगळीकडे बारा आहे," असं सांगणाऱ्या दहातल्या आठांनी पट्टी सोडवून मोजलेलं असतं.

तीन ठिकाणी मोजा : ड्रायव्हरच्या स्क्रूंवर, जिथे वायर पट्टीला लागते त्या पॅडवर (पट्टीवरच्या तांब्याच्या उघड्या ठिपक्यावर), आणि पट्टीच्या अगदी शेवटच्या कापण्याच्या खुणेवर. तिन्ही आकडे कागदावर लिहा. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक वायरीने खाल्ला, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला पट्टीने. यातला मोठा कुठला, त्यावर पुढचा खर्च ठरतो.

मीटरचे दोन प्रोब (टोकदार काड्या) एकमेकांना टेकणार नाहीत हे सांभाळा. पट्टीचे पॅड जवळजवळ असतात आणि ठिणगी उडायला एवढंही पुरतं.

आणखी एक युक्ती आहे, फारसं कुणी करत नाही. एक प्रोब ड्रायव्हरच्या प्लसवर आणि दुसरा पट्टीच्या सुरुवातीच्या प्लसवर लावा. आता मीटर थेट त्या एका वायरीतला ड्रॉप दाखवतो. मग तसंच मायनसला. दोन्ही वायरी सारख्याच जाडीच्या आणि लांबीच्या असताना प्लसला ०.२ आणि मायनसला ०.९ आलं, तर मायनसच्या वाटेवर कुठेतरी जोड ढिला आहे. मीटरची एक प्रोब लांब वायर जोडून वाढवावी लागते, एवढीच कटकट.

किती ड्रॉप चालतो?

तीन टक्क्यांपर्यंत कुणाला कळत नाही. पाच टक्के ही मी माझी हद्द धरतो. १२ व्होल्टला पाच टक्के म्हणजे ०.६ व्होल्ट, २४ ला १.२.

पण हे जागेवरही अवलंबून आहे. पॅसेजच्या सरळ पट्टीत उजेड हळूहळू उतरत जातो, तो डोळा सहज पचवतो. हॉलच्या कोव्हमध्ये, म्हणजे सीलिंगच्या कडेच्या खाचेत, पट्टी चारी भिंतींना फिरून पहिल्या कोपऱ्यात परत येते. तिथे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात मंद तुकडा शेजारी-शेजारी येतात. त्या कोपऱ्यात सोफ्यावर बसलेला पाहुणाही विचारतो, "इथे काय झालंय?"

वायर किती जाड लागेल, आधी कसं काढायचं?

करंट गुणिले जायची-यायची मिळून लांबी गुणिले मीटरचा रोध. तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरीचा मीटरमागे रोध साधारण असा : ०.७५ एमएमला ०.०२६ ओहम, १ एमएमला ०.०२, दीडला ०.०१३, अडीचला ०.००८. (दुकानात सगळे "एमएम" म्हणतात, खरं ते स्क्वेअर एमएम.)

उदाहरण घेऊ. ६० वॅटची १२ व्होल्टची पट्टी, ड्रायव्हर ६ मीटरवर. करंट ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. जाऊन-येऊन वायर १२ मीटर. ही दुप्पट करायला लोक हमखास विसरतात. ०.७५ ची वायर वापरली तर ५ × १२ × ०.०२६, म्हणजे १.५६ व्होल्ट वायरीतच गेले. पट्टीला सुरुवातीलाच साडेदहा! दीडची घातली तर ०.८ च्या आसपास, अडीचची तर ०.४८.

हीच ६० वॅटची पट्टी २४ व्होल्टची असती तर करंट अडीच अँपिअर. त्याच ०.७५ च्या वायरीत ०.७८ व्होल्ट जातील, आणि २४ च्या मानाने ते सव्वातीन टक्के. वॅट तेच, वायर तीच, टक्केवारी चौथाईवर. म्हणून ५ मीटरच्या वर काम असेल तर मी १२ व्होल्टची पट्टी घेऊच देत नाही.

रोलला कारखान्यातून जी केसासारखी लाल-काळी वायर लावून येते ती वीतभरच ठेवा. तीच पुढे वाढवत नेऊ नका.

जाड वायर घातली तरी शेवट मंदच आहे. आता?

मग ड्रॉप पट्टीच्या आत आहे. पट्टीतला तांब्याचा थर कागदासारखा पातळ असतो : हलक्या मालात ३५ मायक्रॉन, बऱ्या मालात ७०. बाहेर तुम्ही अडीचची वायर आणली तरी पट्टीत शिरल्यावर करंटला त्या पत्र्यातूनच जायचं आहे. हमरस्ता सहापदरी केला म्हणून पुढची बोळ रुंद होत नाही.

इलाज एकच : पट्टीला जास्त ठिकाणी सप्लाय द्या. ड्रायव्हरकडून दुसरी जोडी काढून पट्टीच्या शेवटच्या टोकालाही प्लसला प्लस, मायनसला मायनस लावा. दोन्ही टोकांनी दिलं की पट्टीतला कमाल ड्रॉप जवळपास चौथाईवर येतो, कारण प्रत्येक बाजूला करंट निम्मा आणि अंतरही निम्मं. सर्वांत मंद जागा आता मधोमध सरकते आणि सहसा लक्षातही येत नाही. सप्लाय फक्त मध्यावर दिली तरी पट्टीच्या आतला हिशेब हाच.

दोन रोल एकामागे एक जोडले तर चालतात का?

पेटतात. चालतात असं मी म्हणणार नाही.

मी स्वतः हे केलेलं आहे. नवीन होतो, एका घरी कोव्हमध्ये १२ व्होल्टचे ९.६ वॅटचे दोन रोल शेपटीला तोंड लावून जोडले. १० मीटर, ९६ वॅट, ८ अँपिअर, सगळे एका टोकाने आत. दुपारी उजेडात बघितलं, छान वाटलं. पैसे घेऊन गेलो. रात्री फोन आला. दुसऱ्या दिवशी मीटर लावला : ड्रायव्हरवर १२.१, पट्टीच्या तोंडाशी ११.३, शेवटी ९.२. पहिल्या वीतभर पट्टीला हात लावला तर चटका बसला, कारण दोन्ही रोलचा करंट तिच्यातून जात होता. पीओपीचा रंग होऊन गेलेला. मधल्या जोडापर्यंत नवी वायर न्यायला एक पॅनेल कापावं लागलं आणि रंगाऱ्याचे पैसे माझ्या खिशातून गेले.

प्रत्येक ५ मीटरला ड्रायव्हरपासून स्वतःची वायर द्या. दोन्ही तुकडे ड्रायव्हरशी समांतर जोडायचे, एकातून दुसरा काढायचा नाही.

सोल्डर करू की क्लिपवाला कनेक्टर लावू?

मी सोल्डर करतो. क्लिप कनेक्टरमध्ये धातूचे दोन पातळ पत्रे पॅडवर टेकलेले असतात, बस. समुद्राकाठच्या हवेत ते वर्षा-दोन वर्षांत काळे पडतात आणि पट्टी मिचमिचायला लागते. मोठ्या करंटला तर ते तापून पिवळेही होतात. हात पोहोचेल अशा जागी, दोन-तीन अँपिअरच्या आत, क्लिप चालेल. पण सीलिंगमध्ये बंद होणारा जोड सोल्डरच हवा. पॅडला आधी थोडं कथील लावून घ्या, सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर पॅडच उचलला जातो.

ड्रायव्हरवर पिवळा-नारिंगी स्क्रू आहे, तो फिरवून व्होल्टेज वाढवू?

थोडं वाढवता येतं, पण मोजायचं पट्टीच्या तोंडाशी. पट्टी चालू असताना तिथे ११.५ येत असेल तर १२ येईपर्यंत हळू फिरवा आणि थांबा. शेवटचं टोक उजळावं म्हणून तोंडाशी १३ केलेत, तर पहिल्या एलईडींमधून तिसऱ्या हिश्शाने जास्त करंट जाईल. वर्षभरात सुरुवातीचेच तुकडे काळवंडतील.

दोन ड्रायव्हर एकाच पट्टीच्या दोन टोकांना लावू का?

नका. दोघांचं व्होल्टेज कधीच तंतोतंत सारखं नसतं. एक सगळं ओझं उचलतो, दुसरा आराम करतो. दोन ड्रायव्हर हवेच असतील तर पट्टी मधे खुणेवर कापा आणि प्रत्येकाला आपला तुकडा द्या.

आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टीत पांढरा रंग लावला तर शेवटाकडे लालसर होतो. का?

लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज उतरलं की निळा आणि हिरवा आधी हात टेकतात, लाल टिकून राहतो. इलाज तोच, दोन्ही टोकांनी सप्लाय. फक्त इथे चारही वायरी न्याव्या लागतात.

२३० व्होल्टचा रोप लाइट मिळतो, त्याला ड्रायव्हर नाही, ड्रॉपही नाही. तोच का नको?

मंडपाला, गच्चीच्या कठड्याला, हात न पोहोचणाऱ्या जागी जरूर वापरा. ५० मीटर एका प्लगवर जातो, कारण करंटच नगण्य. पण त्याच्या प्लगमध्ये बहुधा नुसता रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असतो, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे दिसतात. मुख्य म्हणजे कापलेल्या टोकाला पूर्ण २३० व्होल्ट असतं. गणपतीच्या मखरात ओली फुलं, दूर्वा, पंचामृत, आरतीला धडपडणारी पोरं. तिथे मी १२ व्होल्टची सिलिकॉनवाली पट्टीच लावतो, ड्रायव्हर मखराच्या मागे, जमिनीपासून वर. एक्स्टेन्शन बोर्ड पाटाखाली ठेवू नका.

बटण बंद केलं तरी पट्टी अंधुक जळत राहते.

हे बहुतेक २३० च्या पट्टीत होतं. एकतर बटणाने फेजऐवजी न्यूट्रल तोडला आहे, किंवा बटणात इंडिकेटरचा दिवा आहे. पहिलं असेल तर आजच वायरमनला बोलवा, बटण बंद असूनही वायर जिवंत आहे.

पंख्याच्या रेग्युलेटरने पट्टी मंद करता येईल का?

साध्या ड्रायव्हरवर नाही. डिमर ड्रायव्हर आणि पट्टीच्या मधे, डीसी बाजूला लावायचा असतो. डिमरवर लिहिलेले अँपिअर पट्टीच्या करंटपेक्षा जास्त आहेत ना ते बघा.

ड्रायव्हर कुठे ठेवू?

पट्टीच्या जवळ. लांबचा पल्ला २३० व्होल्टला गाठू द्या. ६० वॅटला तिथे पाव अँपिअरच्या जरा वर करंट वाहतो, ड्रॉप नावालाही नाही. १२ व्होल्टचा प्रवास दोन-अडीच मीटरचाच ठेवा.

आणि तो पीओपीत गाडून टाकू नका. इंटिरिअरवाले म्हणतात, झाकण दिसायला वाईट दिसतं. पट्टीच्या आधी ड्रायव्हर जातो आणि तेव्हा सीलिंग फोडणारा माणूस ते नसतात. कपाटाच्या माथ्यावर किंवा सीलिंगमध्ये फूटभराचं उचलायचं झाकण ठेवून तिथे ड्रायव्हर बसवा. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा : किती व्होल्ट, किती वॅट, किती मीटर, कुठल्या तारखेला बसवला, आणि त्या दिवशी तीन ठिकाणी आलेले तीन आकडे. दोन वर्षांनी पट्टी मंद वाटली तर मीटर लावून तेच आकडे पुन्हा घ्या. ड्रायव्हरवरचा आकडा उतरला असेल तर ड्रायव्हर थकला, तो तसाच असून पट्टीच्या तोंडाशी उतरला असेल तर जोड ढिला झाला. तिन्ही जसेच्या तसे आले तर एलईडीच म्हातारे झालेत, रोल बदला.